अब्रूसाठी इंग्रजी शब्द

४ मार्च, सोमवार

मोठे साहेब महिनाअखेरीस निवृत्त होताहेत. आज नोटीस लागली. अनुवाद विभागात त्यांच्यानंतर मीच, हे भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक आहे, पण नियम म्हणून अर्ज करायचा. अर्ज चार पानी आणि इंग्रजीत. तिसऱ्या पानावर एक चौकोन आहे: समाजात तुमची जी ओळख आणि जे स्थान आहे त्यासाठी एक शब्द लिहा, मग दोन ओळींत स्पष्ट करा. ज्याला एक शब्द नेमका सापडत नाही तो अनुवादकांचा प्रमुख कसला, असा त्यामागचा डाव असावा.

दिवसभर तेच डोक्यात. स्टेटस खुर्चीबरोबर येतं आणि खुर्चीबरोबरच जातं. प्रेस्टीजला अत्तराचा वास येतो. आयडेंटिटी तर शिपायाच्याही गळ्यात लटकते. ऑनर नेहमी तलवार घेऊनच येतो. कॅरेक्टरबद्दल स्वतः बोलायचं नसतं, त्याचा दुसऱ्या कुणाचा दाखला जोडायचा आहे. राहता राहिलं रेप्युटेशन. ते लोकांच्या तोंडी असतं, म्हणून मिळवायला वर्षं लागतात. मी सव्वीस वर्षं याच कोर्टात घालवली. तेव्हा सध्या तरी रेप्युटेशन, पेन्सिलीनं.

घरी आलो. मी पायरीवर बूट तीनदा आपटतो, म्हणजे धूळ बाहेर राहते. तिसऱ्या आपटीला दार उघडलेलं असतं, ही आमच्या घरची शिस्त. आज चौथ्यांदा आपटावे लागले. ही मुलांच्या वह्या तपासत बसली होती, म्हणे ऐकू आलं नाही. हिच्याकडे अकरा मुलं अक्षर सुधारायला येतात. मी एक शब्द बोललो नाही. फक्त वह्या उचलल्या आणि दाराबाहेर टाकल्या. जमीन कोरडी होती, नुकसान काहीच झालं नाही.

६ मार्च, बुधवार

दोन भावांची फाइल. धाकट्यानं चारचौघांत थोरल्याला फुकट्या म्हटलं, थोरल्यानं फावडं घेतलं. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कानावर, तिसरा धाकटा पडल्यावर. साक्षीदार सांगतो की तिसऱ्या घावानंतर फावडं निघेना, तेव्हा थोरल्यानं त्याच्या छातीवर पाय ठेवून ते ओढून काढलं. वरच्या कोर्टातल्या न्यायाधीशांना आपली भाषा येत नाही. आम्ही लिहू तेवढंच त्यांना दिसतं, तेव्हा पाय छातीवर होता की पोटावर हेसुद्धा डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

विभागात नवी आलेली बाई आहे, तिला आम्ही पेन्सिल म्हणतो, कारण ती शाईनं काहीच लिहीत नाही. फावड्याच्या पानावर ती उठून पाणी प्यायला गेली. मी म्हणालो, "बाई, इथं रक्त कागदावरचं असतं, साडीला लागत नाही." हसली नाही. या पिढीला विनोद कळत नाही.

तिला कामाची पद्धत समजावली. जबाबातली सगळी नावं आमच्याकडे येण्याआधीच काळ्या शाईनं झाकलेली असतात. फक्त स्त्री क्रमांक इतका, पुरुष क्रमांक इतका. कुणाशी ओळख निघायला नको. लांब जबाब दोघांत वाटायचा. मग ताडणी: एकानं केलेल्या पानांचं मूळ दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, आणि पहिल्यानं पट्टी ठेवून इंग्रजी ओळ न् ओळ तपासायची. शेवटी अनुवादाच्या दाखल्यावर दोघांची सही. शिवाय शब्दवही, जी माझ्या ताब्यात आहे. अवघड शब्दाला जो इंग्रजी शब्द ठरेल तो त्या वहीत जातो, पुढे कारण लिहावं लागतं, आणि एका फाइलीत एकच शब्द चालतो. कारण लिहायचा नियम माझा. नाहीतर जो तो मनाला येईल ते लिहील.

९ मार्च, शनिवार

मोठे साहेब आज सपत्नीक चहाला आले. समोरचे पोस्टमास्तरही आले, निवृत्त आहेत, माझा कॅरेक्टरचा दाखला तेच देणार. मी ऑनर आणि रेप्युटेशन यांतला फरक सांगत होतो. विषय चांगला रंगला होता. तेवढ्यात ही चहाचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "म्हणजे एक बाहेर दिसते ती, आणि दुसरी घरात असते ती. असंच ना?"

मोठे साहेब खो खो हसले. "वहिनींनी एका वाक्यात उरकलं, आणि हा अर्धा तास दळतोय." पोस्टमास्तर हसले नाहीत, ते कपात बघत होते. माझं नाक कापलं गेलं ते माझ्याच बैठकीच्या खोलीत.

ते गेल्यावर थोडं झालं. माझ्या हातून शब्दकोश पडला. मोठा, अडीच हजार पानी. त्याची पाठ उखडली. हिचा हात मध्ये आला.

१० मार्च, रविवार

सकाळी शब्दकोशाला तपकिरी चिकटपट्टी लावली. दिसायला वाईट दिसतो, पण पानं शाबूत आहेत. ही उजवा हात बादलीत बुडवून बसली होती. बोटं वांग्यासारखी झाली आहेत. मी म्हणालो, चल डॉक्टरकडे. म्हणाली, नको. मग मी तरी काय करणार.

पोस्टमास्तरांनी जिन्यात अडवलं. "काल आवाज आला."

"हिला चक्कर येते हो हल्ली," मी म्हणालो. "हातातल्या वस्तू पडतात. डोक्याचं काहीतरी असावं."

ते म्हणाले, "तीनदा आला आवाज." म्हातारपणी माणसाला मोजायची सवय लागते.

१२ मार्च, मंगळवार

घरी आलो, बूट आपटले, दार उघडलं नाही. कुलूप. आत ओट्यावर चिठ्ठी: ताईकडे जाते. अक्षर वेडंवाकडं, डाव्या हातानं लिहिलेलं. अक्षर शिकवणाऱ्या बाईचं हे अक्षर. ताई म्हणजे माझी मेहुणी, हिची थोरली बहीण. तिचं इस्त्रीचं दुकान आहे आणि मागे दोन खोल्या. हिला मुळात तिनंच बिघडवली.

पाच वाजता मुलं दप्तरं घेऊन हजर. बरोबर दोघातिघांच्या आया. विचारू लागल्या. नवऱ्याशी भांडून गेली म्हटलं असतं तर माझी शोभा झाली असती, तीही अर्जाच्या तोंडावर. मी शांतपणे सांगितलं की बाईंना झटके येतात, भान राहत नाही, मुलांना पाठवणं बरं नव्हे. एक आई म्हणाली, "अगंबाई, आम्हाला कधी वाटलं नाही." मी म्हणालो, आतलं बाहेर कुठे दिसतं. त्यांना ते पटलं. मोठ्या साहेबांनाही फोनवर तेच सांगितलं.

शब्दकोश उद्यापासून कचेरीत नेऊन ठेवतो. घरी बघणारं कुणी नाही.

१८ मार्च, सोमवार

नवी फाइल. स्त्री क्रमांक ४१, नवऱ्याविरुद्ध. आठ पानं, तातडीचं. एक ते चार मी घेतली, पाच ते आठ पेन्सिलनं.

माझ्या पानांत नवीन असं काही नाही. या बायकांचे जबाब एका साच्यातून काढल्यासारखे असतात. नवरा कचेरीत, बाहेर मान, घरात हात. "लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी मला पहिल्यांदा मारलं, भात कच्चा राहिला म्हणून. उलथण्यानं. उलथणं गरम होतं." मी लिहिलं. "ते पायरीवर बूट आपटतात. पहिल्या आवाजाला मी हातातलं टाकते, दुसऱ्याला उठते, तिसऱ्याला कडी काढलेली असली पाहिजे." हा गृहस्थही माझ्यासारखाच बूट झटकून घरात येतो. व्यवस्थित माणूस असावा. अशा माणसाच्या बायकोनं कोर्टात यावं याचं वाईट वाटलं.

चौथ्या पानाच्या तळाशी अडलो. बाई म्हणते: "त्यांच्या अब्रूसाठी मी एकवीस वर्षं गप्प बसले. अब्रू मलाही होती." एकाच ओळीत दोनदा अब्रू. पहिली सोपी: नवऱ्याला लोक ओळखतात, म्हणजे रेप्युटेशन. दुसरीचं काय करायचं? घरात बसणाऱ्या बाईचं कसलं आलंय रेप्युटेशन, तिला ओळखतं कोण. बाईच्या अब्रूला कायद्यात जुना शब्द आहे, मॉडेस्टी. तो टाकला. अर्थ नीट बसत नाही, पण शोभतो.

अर्जातल्या चौकोनात आज शाईनं रेप्युटेशन लिहिलं.

१९ मार्च, मंगळवार

पोस्टमास्तरांनी दाखला दिला. एकच ओळ: "हे गृहस्थ नऊ वर्षे माझ्या समोर राहतात." खाली सही. मी म्हणालो, "अहो, स्वभावाबद्दल काही?" म्हणाले, "मला लिहिता येईल तेवढं लिहिलंय." पत्रं वाटण्यात आयुष्य गेलं, लिहायची सवय नाही. तसाच जोडला.

दुपारी पेन्सिल माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. बघत होती माझ्याकडे नाही, शब्दकोशाकडे.

"सर, याची पाठ कशी तुटली?"

"पडला."

ती वाकून तपकिरी पट्टी बघू लागली. मग म्हणाली, "एक्केचाळीसच्या फाइलीत आठव्या पानावर पुन्हा अब्रू आलंय. मी डिग्निटी लिहिलंय."

"मी मॉडेस्टी लिहिलंय. एका फाइलीत एकच शब्द चालतो. मॉडेस्टी करा."

"माझ्या पानांत मॉडेस्टी बसत नाही. तुम्ही ती पानं वाचली नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सर, या फाइलीची ताडणी दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ या का?"

सव्वीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. माझ्या वाचनाला अख्खा मजला कान देतो. मी म्हणालो, "उद्या अकरा वाजता. मीच वाचणार."

२० मार्च, बुधवार

अकरा वाजता बसलो. पेन्सिल समोर, पट्टी घेऊन. पलीकडच्या टेबलांवर चौघे जण, आणि मोठे साहेब दारातल्या खुर्चीत, शेवटच्या आठवड्यात त्यांना करायला काही नाही. मी पाचवं पान उघडलं. ताडणीत मूळ जसंच्या तसं वाचायचं असतं, 'मी' असेल तिथे 'मी' म्हणून. मी वाचलं:

"पाहुणे गेले. त्यांनी दार लावलं, पडदा ओढला. मला वाटलं कपबशी फेकतील, म्हणून मी ट्रे उचलला. त्यांनी माझा उजवा हात मनगटाशी धरला आणि टेबलावर दाबला. म्हणाले, लोकांसमोर जीभ चालते ना. मग जाडा इंग्रजी शब्दकोश डोक्याच्या वर नेला आणि हातावर आणला. पहिल्यांदा मी ओरडले. दुसऱ्यांदा माझा आवाज निघाला नाही, हाताचा निघाला. तिसऱ्यांदा शब्दकोशाची पाठ तुटली, म्हणून ते थांबले."

शब्दकोश माझ्या कोपराशी होता. तपकिरी पट्टी लावलेला.

पेन्सिलनं पट्टी एक ओळ खाली सरकवली. वर पाहिलं नाही. पलीकडच्या टेबलावर कुणाची तरी लिहिण्याची खरखर थांबली. मी थांबलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं. मी थांबलो नाही. आवाजही हलू दिला नाही.

सहावं पान: "मागच्या वर्षी त्यांनी केस धरून माझं डोकं न्हाणीघरातल्या नळावर आपटलं. चार टाके. दवाखान्यात तेच बोलले, पाय घसरला म्हणाले. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे बघत होते." सातवं: पोटात मारलेली लाथ, पाचवा महिना, त्यानंतर मूल राहिलं नाही. ते मी कधी या वहीतही लिहिलं नव्हतं. तेव्हा मी घसरलो होतो, माझा पाय लागला होता, असं माझं म्हणणं होतं. आज ते माझ्याच तोंडून, 'माझ्या पोटात', असं सगळ्यांसमोर वाचलं गेलं.

आठवं: "मी अकरा मुलांना अक्षर शिकवत होते. एका आईनं ताईच्या दुकानात येऊन सांगितलं, तुम्हाला झटके येतात असं साहेब म्हणाले. आता माझ्याकडे कुणी मूल पाठवणार नाही. हात बरा होईल की नाही माहीत नाही. अब्रू त्यांना होती तशी मलाही होती. माझी त्यांनी घालवली."

वाचन संपलं. मोठे साहेब म्हणाले, "वाचावं ते यानंच." पेन्सिल म्हणाली, "सर, या शेवटच्या अब्रूला कोणता शब्द ठेवायचा?" मी म्हणालो, उद्या बघू, आणि उठलो. साडेबारा वाजले होते.

२३ मार्च, शनिवार

डाव्या हातानं लिहितो आहे. अक्षर लागत नाही, पण लिहिलं पाहिजे.

बुधवारी कचेरीतून थेट मेहुणीकडे गेलो. बोलायलाच गेलो होतो. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "आत यायचं नाही." मी तिला बाजूला केली. म्हणजे ढकलली. ती कपड्यांच्या गठ्ठ्यावर पडली, इस्त्री खाली फरशीवर. मागच्या खोलीत ही स्टुलावर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. मी विचारलं, "माझ्या कचेरीत? माझ्याच कचेरीत दिलास जबाब?" ती म्हणाली, "जबाब चौकीवर दिला. तुमच्याकडे जातो हे मला काय ठाऊक." मी तिच्या केसांत हात घातला आणि ओढलं. ती स्टुलासकट आली. भिंतीला लागली, ओठ फुटला. मी म्हणालो, चल, आत्ताच्या आत्ता चल आणि सांग की खोटं बोललीस. दाराच्या चौकटीला धरून मी तिला बाहेर ओढत होतो. ती आतल्या बाजूला होती. तिनं खांद्यानं दार लोटलं.

लोखंडी पत्र्याचं दार आहे ते. माझा उजवा हात चौकटीत होता.

मी ओरडलो हे मला आठवतं. तिनं दार सोडलं नाही. अख्ख्या अंगाचा भार देऊन उभी राहिली, फटीतून मला तिचा एक डोळा दिसत होता. ओरडली नाही, रडलीही नाही. मी सगळ्यांना ज्या आवाजात सांगायचो त्याच आवाजात म्हणाली, "अहो, तुमचा हात मध्ये आला."

मेहुणीनं लोक बोलावले तेव्हा दार उघडलं. तीन बोटं मोडली आहेत. डॉक्टरनं विचारलं कसं झालं. मी म्हणालो, दारात सापडला. ते त्यानं लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखीचं वाटलं. चौकीवरही नेलं होतं, सही घेऊन सोडलं.

२५ मार्च, सोमवार

कचेरीत गेलो. फाइल माझ्या टेबलावर तशीच. वर अनुवादाचा दाखला ठेवलेला, पेन्सिलची सही झालेली, माझी जागा रिकामी. दाखल्यावर छापील ओळ आहे: "पक्षकारांपैकी कोणाशीही माझा संबंध नाही." सव्वीस वर्षं या ओळीखाली सही केली, वाचली कधीच नव्हती.

मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि सांगितलं. त्यांनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे तू मला सांगितलंच नाहीस असं समजू. नावं काळी आहेत. ती पोरगी तोंड उघडणार नाही, तिची नोकरी नवी आहे. मी वर तुझ्यासाठी शब्द टाकलाय. डाव्या हातानं सही कर आणि मोकळा हो. उद्या खुर्चीत बसलास की एक्केचाळीसला कोण विचारतो?"

खरंच होतं ते. शिवाय अब्रूला मॉडेस्टी किंवा डिग्निटी ठेवलं की आठव्या पानाचं दुखणंच मऊ होतं. वाचणाऱ्याला वाटतं, बाईचं मन दुखावलं. मनं सगळ्यांचीच दुखतात.

टेबलाशी येऊन बसलो. लेखणी डाव्या हातात धरली. समोर पेन्सिल. म्हणाली, "शब्द तेवढा ठरवा सर."

तिला ठरवता येणं शक्यच नव्हतं. झटक्यांची गोष्ट खरी की खोटी हे तिला कागदावरून कसं कळणार? ते मला माहीत होतं, कारण ती मी रचली. पोस्टमास्तरांना सांगितली, साहेबांना सांगितली, तीन आयांना दारात उभं राहून सांगितली. बाईचं नाव होतं. या वस्तीत तिच्या अक्षराला नाव होतं, अकरा घरं तिला ओळखत होती, आणि पाच मिनिटांत मी ते पुसलं. यात मॉडेस्टी कुठे आली? ज्या शब्दासाठी मी पंधरा दिवस अर्ज घेऊन फिरलो तोच शब्द तिथे लागतो, दुसरा लागतच नाही. आणि तो तिथे लिहिणं म्हणजे मी ते केलं हे मान्य करणं.

मी चौथ्या पानावर मॉडेस्टी खोडलं. आठव्यावर डिग्निटी खोडलं. दोन्हीकडे रेप्युटेशन लिहिलं. मग दाखल्यावरची छापील ओळ खोडली आणि तिच्यावर डाव्या हातानं लिहिलं: स्त्री क्रमांक ४१ ही माझी पत्नी आहे. खाली सही.

हे मी पश्चात्तापानं केलं असं मला लिहिता येत नाही. हिनं दार लावलं त्याचा राग अजून आहे, बोटं ठणकली की वाढतो. पण चुकीचा शब्द माझ्या सहीखाली जाऊ देणं जमलं नाही. साहेब दारातून बघत होते. म्हणाले, "मूर्ख आहेस." मग घड्याळ बघितलं आणि आत गेले.

२८ मार्च, गुरुवार

निलंबनाचं पत्र आलं. अर्ज बाद. आणि दुसरं एक कलम मला ठाऊक असायला हवं होतं: पक्षकाराशी संबंध असलेल्यानं केलेला अनुवाद रद्द होतो. म्हणजे माझी चार पानं रद्द, आणि मी केलेल्या दुरुस्त्याही रद्द. आठही पानं पेन्सिल पुन्हा करणार. आयुष्यात एक शब्द किंमत मोजून लिहिला, तोही कचऱ्यात गेला.

जिन्यात पोस्टमास्तर भेटले. मी म्हणालो, "हिला चक्कर, झटके काही येत नाही. मी खोटं बोललो होतो." ते म्हणाले, "मला ठाऊक होतं." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ते वळून वर गेले. त्या रात्री तीनदा आवाज मोजून ते आपल्या खोलीत बसूनच राहिले होते. मलाच राग यावा हे विचित्र आहे, पण आला.

४ एप्रिल, गुरुवार

दुपारी दार वाजलं. पेन्सिल. शब्दवही माझ्याकडे राहिली होती, ती न्यायला आली होती. आत या म्हणालो. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आणि तिची नजर माझ्या मागे बैठकीतल्या त्या टेबलावर गेली. मग तिनं नजर काढून घेतली.

म्हणाली, "वही देण्याआधी एक नोंद करून द्या. वही अजून तुमच्या नावावर आहे, तुमच्याच हातची लागेल. अब्रू."

"शब्द कोणता?"

"रेप्युटेशन. दोन्ही ठिकाणी."

मला बरं वाटलं. म्हणालो, "म्हणजे माझंच ठेवलंत."

"नाही सर. तुमचं रद्द झालं. मी खुलासा मागवला. जबाब देणाऱ्याला शब्दाचा अर्थ विचारता येतो, नियम आहे. कुणी कधी विचारत नाही इतकंच."

सव्वीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. हजारेक जबाब झाले असतील. अर्थ मी ठरवायचा असतो, असं मी समजत होतो.

वही पायरीवर ठेवून बसलो आणि डाव्या हातानं लिहिलं: अब्रू, आणि पुढे रेप्युटेशन. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आलं, ओळ सोडून खाली उतरलेलं. पेन्सिल म्हणाली, "पुढे कारण. तुमचाच नियम आहे."

"सांगा."

तिनं पिशवीतून कागद काढला आणि ताडणीला वाचतात तसं, शब्दात काही न घालता वाचलं. मी एकेक अक्षर जोडत लिहिलं: "जबाब देणारी म्हणते, मला इंग्रजी येत नाही. त्यांच्यासाठी जो शब्द लिहिला असेल तोच मलाही लिहा."

पेन्सिलनं वही घेतली, शाई वाळेपर्यंत उघडीच धरली आणि जिना उतरून गेली. मी पायरीवर बसून राहिलो. पाच वाजत आले होते. पूर्वी या वेळेला मुलं यायची.